बर्लिनचं तांबडं पाणी

बोअरचं पाणी बादलीत भरून ठेवलं की थोड्या वेळाने पिवळट पडतं आणि टाइल्सवर तांबूस डाग राहतात, हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. ह्याच डागांनी एकेकाळी बर्लिनच्या पाणीपुरवठ्याचे बारा वाजवले होते.

तर झालं असं. १८७७ मध्ये तेगेल तळ्याकाठी विहिरी खणून नवं वॉटरवर्क्स सुरू झालं. विहिरीतून पाणी यायचं काचेसारखं, पण नळाला पोचेपर्यंत गढूळ, तांबडं, वर त्यात शेवाळासारखे धागे! हे धागे म्हणजे क्रेनोथ्रिक्स नावाचा जिवाणू. (शंभरावर वर्षं बिचाऱ्याचं नाव लोखंडाशी जोडलं गेलं. २००६ मध्ये कळलं की तो मिथेनवर जगतो!) लोक वैतागले. शेवटी काही वर्षांत विहिरी सोडून तळ्याचंच पाणी वाळूतून गाळून द्यायला लागले.

माझ्या मते हा सौदा वाईट होता. विहिरीचं पाणी दिसायला घाण, पण जमिनीतून झिरपून आल्यामुळे जंतूंच्या बाबतीत कितीतरी सुरक्षित. तळ्याचं पाणी दिसायला स्वच्छ, पण सगळी भिस्त फिल्टरवर. आणि १८९० मध्ये बर्लिन वॉटरवर्क्सचा इंजिनियर कार्ल पिफ्के आणि डॉ. कार्ल फ्रेंकेल ह्यांनी प्रयोग करून दाखवलं की टायफॉइड-कॉलऱ्याचे थोडे जंतू वाळूतूनही निसटतात. दोनच वर्षांनी हॅम्बुर्गमध्ये एल्ब नदीचं न गाळलेलं पाणी पिऊन कॉलऱ्याने सुमारे ८६०० माणसं गेली. शेजारच्या आल्टोनात वाळूचे फिल्टर होते, तिथे फारच कमी. म्हणजे फिल्टर हवाच, पण नुसत्या त्याच्यावर किती विसंबायचं?

विहिरींकडे परतायचं तर आधी लोह काढायला हवं. ह्याच पिफ्केने मग विहिरीचं पाणी कोकच्या तुकड्यांवरून खाली ठिबकू दिलं. बस्स! जमिनीखाली ऑक्सिजन नसल्यामुळे लोह विरघळलेलं, म्हणून अदृश्य असतं. हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तो वाळूत अडकतो. एक मिलिग्रॅम लोहाला जेमतेम ०.१४ मिलिग्रॅम ऑक्सिजन पुरतो. (इंग्लंडमधल्या बाथच्या गरम झऱ्याभोवतीचे दगड नारिंगी दिसतात, तेही ह्याच कारणाने.) जो गंज नळात नको होता, तो आधीच, आपल्याला हव्या त्या जागी धरायचा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिन पुन्हा विहिरींवर आलं. आजही तिथलं पाणी विहिरींमधूनच उपसतात, त्याला हवा दाखवतात, गाळतात आणि एरवी क्लोरीन न घालताच नळाला सोडतात. तेगेलचं वॉटरवर्क्सही चालू आहे.