परतीची बॅटरी

एक छोटं गणित करू. छोट्या मासेमारी होडीच्या इंजिनाला सेल मारला की स्टार्टर मोटरला समजा २०० अँपिअर प्रवाह लागतो, आणि तोही फक्त तीन सेकंद. हिशोब केला तर ही वीज एका अँपिअर-तासाचा सहावा भाग भरते. आता त्याच होडीवर रात्री लावलेला १२ वॅटचा दिवा घ्या. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तो एक अँपिअर ओढतो. म्हणजे इंजिन चालू करायला जेवढी वीज लागली, तेवढी हा दिवा दहा मिनिटांत संपवतो. आठ तासांच्या रात्रीत तो इंजिन ४८ वेळा चालू करण्याइतकी वीज खातो.

होडीवर नुसता दिवा नसतो. मासे शोधणारा फिशफाइंडर असतो, जीपीएस असतं, रेडिओ असतो, तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप असतो आणि हल्ली चार-पाच मोबाइलही चार्जिंगला लागलेले असतात. रात्रभर इंजिन बंद ठेवून हे सगळं एकाच बॅटरीवर चालवलं, तर पहाटे काय होतं ते सांगायला नको. चावी फिरवली की ‘खट्’ असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. बॅटरी उतरलेली असते.

रस्त्यावर गाडीची बॅटरी उतरली तर चार माणसं धक्का मारतात. पाण्यात होडीला धक्का कोण देणार? वारा खडकाकडे ढकलत असेल तर थांबून विचार करायलाही वेळ नसतो. म्हणून छोट्या होडीवरही दोन बॅटऱ्या ठेवायची पद्धत पडली. एक इंजिन चालू करण्यासाठी, दुसरी बाकी सगळ्यासाठी. गोष्ट ऐकायला अगदी साधी आहे. पण तिथपर्यंत पोचायला माणसाला शंभराहून अधिक वर्षं लागली, आणि त्या वाटेवर मोटारींपासून बुडालेल्या जहाजापर्यंत बरंच काही आहे.

सुरुवातीला बॅटरी ही राखून ठेवायची वस्तूच नव्हती. १८०० साली इटलीतल्या अलेस्सांद्रो व्होल्टाने जस्त आणि तांबं-चांदीच्या चकत्यांची चळत रचून सलग वाहणारी वीज मिळवली. पण ती वीज धातू झिजवून मिळत होती. जस्त संपलं की खेळ संपला. १८३८ साली मोरिट्झ याकोबी या जर्मन वंशाच्या शास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्गमध्ये नेवा नदीवर विजेच्या मोटरने नाव चालवून दाखवली. नावेत डझनभर माणसं बसली होती. नाव चालली खरी, पण तिचं इंधन म्हणजे बॅटरीतलं महागडं जस्त होतं. कोळशापुढे ते परवडणार नव्हतं.

१८५९ साली फ्रान्सच्या गॅस्तों प्लान्ते याने शिशाचे दोन पत्रे एकमेकांना चिकटू न देता गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. त्यात वीज घातली की साठायची, हवी तेव्हा परत मिळायची. एकदा संपली तरी पुन्हा भरता यायची. १८८१ च्या सुमारास कामिय फोर याने शिशाच्या संयुगांचा लेप लावलेले पत्रे वापरून तिची साठवण खूप वाढवली. आज होडीत, रिक्षात किंवा घरच्या इन्व्हर्टरखाली जी जड बॅटरी दिसते, ती याच बॅटरीची वंशज. वीज आता साठवता येऊ लागली. आणि साठवता येते तिथे एक नवा प्रश्न येतोच: किती खर्चायची आणि किती राखायची?

मासेमारीच्या छोट्या होडीला मात्र या प्रश्नाशी बराच काळ देणंघेणं नव्हतं. १९०९ साली अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड या नॉर्वेजियन माणसाने होडीच्या मागे अडकवायचं पेट्रोल इंजिन बाजारात आणलं. दीड अश्वशक्तीचं हे यंत्र हाताने चाक फिरवून चालू व्हायचं. पुढे दोरी आली. आपल्या किनाऱ्यावर आजही छोटी आउटबोर्ड इंजिनं दोरी ओढून चालू होतात आणि जुनी लहान डिझेल इंजिनं हॅण्डल मारून. दंडात जोर असला की झालं. दिव्याला कंदील होता, मासे शोधायला तांडेलाचे डोळे होते. होडीत बॅटरी नव्हती, म्हणून ती उतरण्याची भीतीही नव्हती.

पण हॅण्डल मारणं धोक्याचं होतं. इंजिन उलटा झटका द्यायचं, मनगटं मोडायची. अमेरिकेत बायरन कार्टर हा मोटार बनवणारा उद्योजक १९०८ साली वारला. रस्त्यात अडलेली एक गाडी चालू करून देताना हॅण्डलचा फटका बसून त्याचा जबडा मोडला होता, आणि त्यानंतर कॅडिलॅक कंपनीच्या प्रमुखाने हॅण्डल हद्दपार करायचं ठरवलं, अशी कथा सांगितली जाते. काम आलं चार्ल्स केटरिंगकडे. तोवरचे इंजिनिअर म्हणायचे की इंजिन फिरवण्याइतकी दमदार मोटर गाडीत मावणारच नाही. केटरिंगने त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला मोटर बसवली होती. तिथे तो एक गोष्ट शिकला होता. मोटरला दिवसभर राबायचं नसेल, क्षणभरच जोर लावायचा असेल, तर छोट्या मोटरलाही तेवढ्यापुरता तिच्या कुवतीपेक्षा कितीतरी जास्त भार देता येतो. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये हा सेल्फस्टार्टर आला. इंजिन चालू झालं की डायनामो बॅटरी परत भरून काढायचा.

या सोयीबरोबर एक अवलंबित्व आलं. आतापर्यंत इंजिन चालू करणारी ताकद माणसाच्या दंडात होती, आता ती एका डब्यात गेली. जमिनीवर याचं फारसं काही वाटलं नाही.

त्याच वर्षी, १४ एप्रिल १९१२ च्या रात्री, टायटॅनिक हिमनगावर आदळली. तिच्या बिनतारी यंत्रणेवर जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड हे दोघे होते. जहाजात पाणी भरत असताना त्यांचे मदतीचे संदेश जवळजवळ शेवटपर्यंत जात राहिले, कारण खाली इंजिनिअर मंडळींनी वीज चालू ठेवली होती. त्या इंजिनिअरांपैकी एकही वाचला नाही. टायटॅनिकवर बॅटरीवर चालणारा राखीव संचही होता. पण सगळ्याच जहाजांवर तसा असेल याची कुणाला खात्री होती? मुख्य वीज गेली आणि रेडिओ मुका झाला तर?

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. २३ जुलै १९१२ रोजी, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांत, अमेरिकेने कायदा बदलला. बिनतारी यंत्रणेसाठी जहाजाच्या मुख्य वीजयंत्रणेपासून स्वतंत्र असा वीजपुरवठा हवा आणि तो किमान चार तास टिकला पाहिजे, अशी अट आली. या अटीत ‘चार तास’ यापेक्षा ‘स्वतंत्र’ हा शब्द मोलाचा आहे. जास्त वीज ठेवा असं कायदा म्हणत नव्हता. वेगळी ठेवा म्हणत होता. जहाजाचं बाकी काहीही होवो, या विजेला कुणी हात लावायचा नाही.

हा कायदा ५० किंवा अधिक माणसं नेणाऱ्या जहाजांसाठी होता. तीन-चार जणांच्या होडीला तो लागू नव्हता. तिला हा धडा स्वतःच्या अनुभवातून गिरवावा लागला.

होडीवर विजेची भूक वाढायला सुरुवात झाली ती १९३० नंतर. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावच्या ओ. जी. श्मिट याने फोर्डच्या गाडीची स्टार्टर मोटर काढली, तिला लवचीक दांडा आणि पंखा जोडला आणि होडी हळूहळू, आवाज न करता सरकवणारी विजेची मोटर बनवली. त्यातूनच ‘मिन कोटा’ ही कंपनी उभी राहिली. गंमत बघा: जी मोटर तीन सेकंदांच्या झटक्यासाठी जन्मली होती, तिलाच त्याने तासन्‌तास कामाला लावलं. मोटरचं निभावलं. बॅटरीचं काय?

इथे शिशाच्या बॅटरीचे दोन स्वभाव समजून घ्यायला हवेत. इंजिन चालू करणाऱ्या बॅटरीत पातळ आणि जास्त पत्रे असतात. आम्लाला भिडणारा पृष्ठभाग मोठा, म्हणून ती एका झटक्यात भरमसाट प्रवाह देते. परातीतलं पाणी जसं एकदम ओतता येतं तसं. पण तिला वारंवार तळापर्यंत रिकामं केलं तर पातळ पत्र्यांवरचा लेप झडतो, आणि तशीच पडून राहिली तर पत्र्यांवर घट्ट खडे धरतात. मग ती पुन्हा नीट भरत नाही. दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीत पत्रे जाड असतात. ती रांजणासारखी: थोडं थोडं पाणी रात्रभर काढा, सकाळी भरा, तक्रार नाही. तिला डीप सायकल म्हणतात. तीसुद्धा निम्म्याहून खाली उतरू न दिली तर जास्त वर्षं टिकते.

१९४८ मध्ये जपानमधल्या नागासाकी भागातल्या फुरुनो बंधूंनी ध्वनिलहरी पाण्यात सोडून मासळीचा थवा दाखवणारं यंत्र मच्छीमारांसाठी विकायला आणलं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कार्ल लोरन्स आणि त्याच्या मुलांनी ट्रान्झिस्टर वापरून छोट्या होडीत मावेल असा संच काढला. आता सगळ्यात छोट्या होडीलाही रात्रभर वीज लागू लागली. एका बॅटरीकडून परातीचं आणि रांजणाचं अशी दोन्ही कामं करून घेणं अवघड झालं.

म्हणून दोन बॅटऱ्या आल्या. पण नुसत्या दोन ठेवून भागत नाही. भरणारं यंत्र, म्हणजे इंजिनावरचा अल्टरनेटर, एकच. त्याने दोन्ही भरायच्या, आणि तरी खर्च होताना त्या एकमेकींपासून वेगळ्या राहायच्या. हे जमवायचा पहिला उपाय म्हणजे हाताने फिरवायचा स्विच: ‘एक’, ‘दोन’, ‘दोन्ही’ आणि ‘बंद’. चालत्या इंजिनावर ‘दोन्ही’ ठेवायचं म्हणजे दोन्ही भरतात; इंजिन बंद केलं की ‘दोन’वर आणायचं म्हणजे पहिली शाबूत राहते. स्विच उत्तम होता. त्यातला कच्चा दुवा माणूस होता. दिवसभराच्या कष्टाने थकलेला माणूस स्विच ‘दोन्ही’वर विसरला, की पहाटे एकाऐवजी दोन बॅटऱ्या उतरलेल्या. आणि चालत्या इंजिनावर चुकून ‘बंद’वर गेला तर अल्टरनेटर जळायचा.

मग डायोड आला. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे दोन्ही बॅटऱ्या भरतात, पण एकीतून दुसरीत काही जात नाही. पण साध्या डायोडमध्ये अर्ध्याहून अधिक व्होल्ट वाया जातो, आणि बॅटरी पूर्ण भरत नाही. पुढे व्होल्टेज ओळखणारा रिले आला. इंजिन चालू होऊन पहिल्या बॅटरीवरचा दाब साधारण साडेतेरा व्होल्टपर्यंत चढला की रिले दोघींना जोडतो, आणि इंजिन थांबून दाब पावणेतेराच्या आसपास आला की तोडतो. लक्षात ठेवायचं काम माणसाकडून तारेकडे गेलं. लिथियमच्या बॅटरीला हा साधा रिले पुरत नाही, कारण ती अल्टरनेटरकडून झेपणार नाही इतका प्रवाह ओढू शकते आणि तिचा दाब जवळपास सपाट राहतो. तिथे मध्ये वेगळा डीसी-टू-डीसी चार्जर बसवतात.

आज एखाद्या छोट्या होडीवर नीट केलेली जोडणी पाहिली तर हा सगळा इतिहास तिथे दिसतो. पहिल्या बॅटरीवर फक्त स्टार्टर. दुसरीवर दिवे, फिशफाइंडर, जीपीएस, मोबाइल. दोघींच्या ऋण तारा एकत्र, धन तारा वेगळ्या, मध्ये रिले. प्रत्येक धन टोकाजवळ फ्यूज, कारण खाऱ्या हवेत गंजलेली तार केव्हा शॉर्ट होईल सांगता येत नाही. पाणी उपसणारा पंप दुसरीवर, पण मुख्य स्विचच्या अलीकडे जोडलेला, म्हणजे सगळं बंद करून माणसं घरी गेली तरी तो चालेल. बॅटऱ्या तळाच्या पाण्यापासून उंच, पट्ट्याने घट्ट बांधलेल्या, डब्याला हवा जायला वाट. आणि पहिली कधी दगा देईलच, तर दोघींना जोडणारा एक स्विच, फक्त अडचणीच्या वेळेसाठी.

भार मात्र वाढतोच आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवायच्या राष्ट्रीय योजनेची सुरुवात झाली. समुद्रात दूर असताना वादळाचा इशारा मिळणं, मदत मागता येणं ही मोठीच गोष्ट आहे. पण हे यंत्रही वीजच खातं. शिवाय नवी मोठी इंजिनं दोरीने किंवा हॅण्डलने चालू होत नाहीत. त्यांचं इंधन सोडणारी यंत्रणाच विजेवर चालते. दंडाचा पर्याय संपत चालला आहे. म्हणून यंत्र फुकट मिळालं तरी ते कुठल्या तारेला जोडलं, हा प्रश्न मालकाने विचारायलाच हवा. जागा नाही किंवा पैसे नाहीत म्हणून ते स्टार्टरच्या बॅटरीवर टाकलं, तर मदत मागायचं साधनच मदतीची वेळ आणू शकतं. इस्रोने मच्छीमारांसाठी बनवलेल्या संकटसूचक यंत्राला स्वतःची बॅटरी आहे, ते याच कारणाने. १९१२ च्या कायद्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द त्या डब्यातही आहे.

शेतकऱ्याच्या घरात हा नियम बॅटरीच्या कितीतरी आधीपासून होता. कणगीतलं धान्य खायचं असतं, पण बियाण्याचं गाडगं वेगळं, आणि ते फार तर मूठभरच असतं. अडचणीच्या महिन्यात सगळ्यांची नजर त्याच्याकडे जाते, म्हणूनच ते वेगळं, वर, तोंड बांधून ठेवतात. इंजिन चालू करायला लागणारी वीजही तशीच मूठभर आहे. दिव्याची दहा मिनिटं. तेवढी वेगळी ठेवली की होडी घरी येते.