माहेरच्या नावाचा शोध : ग्रेट यारमथ येथील युद्धकालीन स्त्री-सैनिक आणि अभिलेखांचे स्वरूप

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाविषयीचे लष्करी इतिहासलेखन विपुल आहे. परंतु त्या युद्धात गणवेश धारण केलेल्या एखाद्या विशिष्ट स्त्रीचा, म्हणजे कुणाच्या आजीचा, आत्याचा किंवा मावशीचा सेवाकाळ शोधावयाचा ठरविल्यास अभ्यासकासमोर निराळ्याच अडचणी उभ्या राहतात. प्रस्तुत लेखात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रेट यारमथ या शहराच्या आधारे या अडचणींचे स्वरूप तपासले आहे. या शहरात सेवा बजावताना मृत्यू पावलेल्या स्त्रियांची नावे आज सहज उपलब्ध होतात. तेथून सुखरूप घरी परतलेल्या स्त्रियांचा माग लागणे मात्र कठीण जाते. ही विसंगती केवळ योगायोगाने निर्माण झालेली नाही. तिचे मूळ अभिलेखांच्या रचनेत आणि विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलण्याच्या रूढीत आहे, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

नॉरफोक परगण्यातील ग्रेट यारमथ हे हेरिंग माशांच्या व्यापारासाठी आणि उन्हाळी पर्यटनासाठी प्रसिद्ध असलेले शहर. जर्मनीच्या दिशेने तोंड करून असलेल्या या किनाऱ्याने युद्धाची झळ पूर्वीही सोसली होती. १९ जानेवारी १९१५ रोजी झेपेलिन हवाई जहाजाने येथे टाकलेल्या बॉम्बमुळे दोघांचा बळी गेला व त्यांत एक वृद्ध स्त्री होती. दुसऱ्या महायुद्धात पर्यटकांनी गजबजणारा हा किनारा संरक्षणाची आघाडी बनला. नौदलाच्या वेगवान पाणतीर नौकांचा तळ येथे होता आणि प्रवाशांअभावी ओस पडलेल्या वसतिगृहांत सैनिकांची राहण्याची सोय करण्यात आली होती.

याच काळात स्त्रियांच्या लष्करी सेवेला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. ऑक्झिलरी टेरिटोरियल सर्व्हिस हे स्थलसेनेचे स्त्री-दल सप्टेंबर १९३८ मध्ये स्थापन झाले. एप्रिल १९४१ मध्ये त्याला पूर्ण लष्करी दर्जा देण्यात आला. डिसेंबर १९४१ च्या राष्ट्रीय सेवा कायद्याने वीस ते तीस वर्षे वयाच्या अविवाहित स्त्रिया व अपत्यहीन विधवा सक्तीच्या सेवेच्या कक्षेत आल्या. १९४३ मध्ये या एकाच दलातील स्त्रियांची संख्या दोन लाखांवर गेली होती. विमानवेधी तोफखान्याच्या संमिश्र तुकड्यांत त्या शत्रूच्या विमानाची उंची व अंतर मोजीत, रडार चालवीत. तोफ डागण्याची अनुमती मात्र त्यांना नव्हती.

११ मे १९४३ ची घटना

११ मे १९४३ रोजी सकाळी जर्मन लढाऊ-बॉम्बफेकी विमानांनी समुद्राला लागून अत्यंत कमी उंचीवरून येऊन शहरावर हल्ला केला. नॉर्थ ड्राइव्ह या किनारी मार्गावरील सेफ्टन हाऊस या इमारतीवर बॉम्ब पडला. तेथे स्त्री-दलाच्या सदस्यांचा निवास होता. या एका आघातात दलातील २६ स्त्रिया मृत्युमुखी पडल्या.

या २६ जणींची माहिती मिळविणे आज अवघड नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत मृत सैनिकाचे नाव, हुद्दा, सेवाक्रमांक, दल व मृत्युदिनांक दिलेला असतो. अनेकदा वय आणि आईवडिलांची किंवा पतीची नावेही आढळतात. ब्रिटनमध्ये मृत्यू पावलेल्या अनेक सैनिकांचे दफन कुटुंबाच्या इच्छेनुसार त्यांच्या मूळ गावी होत असे. त्यामुळे केवळ घटनास्थळाच्या आसपासच्या दफनभूमी पाहून चालत नाही. मृत्युदिनांक आणि दल यांच्या आधारे शोध घ्यावा लागतो. तरीही तो शोध पूर्णत्वास जातो, कारण मृत्यूने त्या स्त्रीचे नाव कायमचे स्थिर केलेले असते.

परतलेल्या स्त्रियांचा माग

त्याच शहरात सेवा करून युद्धानंतर घरी गेलेल्या स्त्रीचे नाव असे स्थिर राहिले नाही. तिची लष्करी कागदपत्रे बहुधा माहेरच्या आडनावाने सुरू होतात. नातवंडांना ठाऊक असते ते सासरचे आडनाव. पुनर्विवाह झाला असल्यास हे अंतर आणखी वाढते. पुरुष सैनिकाच्या बाबतीत ही अडचण सहसा उद्भवत नाही.

येथे नागरी अभिलेख उपयोगी पडतात. इंग्लंड व वेल्समधील विवाहांच्या सूचीत १९१२ पासून जोडीदाराचे आडनाव नोंदविलेले आहे. २९ सप्टेंबर १९३९ रोजी केलेली राष्ट्रीय नोंदवही त्याहून मोलाची ठरते. १९४३ मध्ये वीस वर्षांची असलेली तरुणी त्या दिवशी सोळा वर्षांची होती. म्हणजे बहुधा आईवडिलांच्या घरीच तिची नोंद झालेली असणार. हीच नोंदवही पुढे राष्ट्रीय आरोग्य सेवेने अनेक दशके वापरली आणि विवाहानंतर बदललेली आडनावे तिच्यात लिहिली गेली. सैनिकी प्रयोजनासाठी न केलेल्या या नोंदवहीतच सैनिक स्त्रीची दोन नावे एकत्र आढळतात.

दुसरा भक्कम दुवा सेवाक्रमांकाचा. या दलातील स्त्रियांच्या क्रमांकाच्या आरंभी 'डब्ल्यू' हे अक्षर असे. विवाहाने नाव बदलले तरी क्रमांक बदलत नसे. म्हणून जुन्या पत्रावर, वेतनपुस्तिकेवर किंवा छायाचित्राच्या मागे असा क्रमांक आढळल्यास तो नावापेक्षाही विश्वसनीय पुरावा मानावा लागतो. संरक्षण मंत्रालयाकडील वैयक्तिक सेवापत्रे २०२२ पासून ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे हस्तांतरित होऊ लागल्याने हा मार्ग अधिक खुला झाला आहे. पहिल्या महायुद्धातील स्त्रियांच्या बाबतीत ही शक्यता मर्यादित आहे. त्या वेळच्या स्थलसेनेच्या स्त्री-दलात सुमारे ५७,००० स्त्रिया होत्या; परंतु सप्टेंबर १९४० मधील बॉम्बहल्ल्याच्या आगीतून त्यांपैकी सुमारे ७,००० जणींचीच कागदपत्रे वाचली.

पदकांचा आधारही अपुरा पडतो. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश मोहीम-पदकांवर धारकाचे नाव कोरलेले नसे आणि स्थलसेनेतून निवृत्त झालेल्यांना ती मागून घ्यावी लागत. त्यामुळे घरात पदक नाही, म्हणून सेवा झाली नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

मौनाची सामाजिक कारणे

अभिलेखांतील या विखुरलेपणाला घरातील मौनाची जोड मिळाली. युद्धकाळात स्त्री-दलांतील मुलींच्या चारित्र्याविषयी अनेक अफवा पसरल्या होत्या. व्हायोलेट मार्कहॅम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४२ मध्ये चौकशी करून त्या निराधार ठरविल्या. तथापि अहवालाने अफवा खोडता येते, तिचा संकोच घरातून लगेच जात नाही. 'सहायक' या दलाच्या नावानेही सेवेला दुय्यमत्व दिले. तोफखान्यात अंतर मोजणारी स्त्री पुढे 'युद्धात थोडे काम केले' एवढेच सांगत राहिली, तर तिच्या मुलांनी अधिक विचारले नाही यात नवल नाही.

भारतीय संदर्भ

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. १९४२ मध्ये भारतात विमेन्स ऑक्झिलरी कोअर स्थापन झाले आणि त्याच्या नाविक शाखेतून विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस उभी राहिली. या सेवेतील अधिकारी कल्याणी सेन यांनी १९४५ मध्ये ब्रिटनला भेट दिली. तेथे गेलेल्या त्या पहिल्या भारतीय सेवा-स्त्री म्हणून नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत विवाहानंतर स्त्रीचे आडनाव तर बदलेच, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येई आणि कित्येकदा पाळण्यातले नावही बदलले जाई. अशा कुटुंबातील एखादी स्त्री या दलांत असेल, तर तिच्या नावाचा एकही घटक नातवंडांना ठाऊक असलेल्या नावाशी जुळणार नाही. म्हणून मौखिक इतिहासाच्या प्रकल्पांत वृद्ध स्त्रियांना विचारावयाचा पहिला प्रश्न माहेरच्या संपूर्ण नावाचा असावा.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, सैनिक स्त्रियांचा इतिहास पुराव्यांअभावी अंधारात राहिलेला नाही. ते पुरावे लष्करी आणि नागरी अशा दोन निरनिराळ्या दप्तरांत विभागले गेले आहेत आणि त्यांना जोडणारे नावच बदलले आहे. ९ जुलै २००५ रोजी लंडनमधील व्हाइटहॉल येथे युद्धकालीन स्त्रियांच्या स्मारकाचे अनावरण झाले. खुंट्यांना टांगलेले सतरा पोशाख त्यावर कोरलेले आहेत. चेहरा एकही नाही. सामूहिक स्मरण येथवर पोहोचते. पोशाखामागील व्यक्ती ओळखण्याचे काम मात्र विवाहसूची, नोंदवही आणि सेवाक्रमांक एकत्र ठेवून वाचणाऱ्या अभ्यासकाचे व तिच्या वारसांचे आहे. त्या काळच्या साक्षीदार स्त्रिया आता फार थोड्या उरल्या असल्याने हे काम लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.