न्हाणीतला कोनाडा आणि भिंतीवरचे कपाट

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात ते काही उगीच नाही. पाया किती खोल घ्यायचा, कौले घालायची की स्लॅब टाकायचा, दाराचे तोंड कुठे करायचे, ह्यावर महिना महिना खल होतो. न्हाणीघराची पाळी मात्र सगळ्यांत शेवटी येते. तोवर पैसा संपत आलेला असतो आणि माणसेही थकलेली असतात. मग कोणीतरी तालुक्याच्या गावी जातो, दुकानात टांगलेले आरशाचे एक कपाट पसंत करतो आणि आणून भिंतीवर ठोकतो. आज ह्या लहानशा कपाटाचीच हकीकत मला सांगायची आहे. इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि तह आठवतात. पण मोरीतल्या फळीलाही इतिहास असतो. तो ठाऊक असला तर पैसा वाचतो, आणि प्रसंगी जीवही वाचतो.

थोडी दूरवरून सुरुवात करू. सिंधू नदीच्या काठी मोहेंजोदडो येथे १९२२ साली उत्खननाला प्रारंभ झाला. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या नगरात बहुतेक घरांत नहाण्याची वेगळी जागा सापडली. तिथे भाजक्या विटांची फरसबंदी आहे. विटा इतक्या घट्ट बसवल्या आहेत की पाणी खाली झिरपू नये. जमिनीला उतार आहे आणि पाण्याची वाट थेट रस्त्याच्या गटाराकडे काढलेली आहे. तिथल्या प्रसिद्ध स्नानकुंडाच्या विटांमागे तर डांबराचा थर दिलेला आहे. म्हणजे न्हाणीचा पहिला धडा फार जुना आहे: पाणी कुठून येते ह्याइतकेच ते कुठे जाते हेही महत्त्वाचे.

आता आपल्या मुलखात येऊ. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ बांधून पुण्यात पाणी आणले. पण ते पाणी हौदापर्यंत येई. हौदापासून न्हाणीपर्यंत ते माणसाच्या हातानेच जायचे. खेडेगावात तर विहीर, ओढा नाही तर नदी. न्हाणी असायची घराच्या मागच्या अंगाला. तिथे तांब्याचा बंब किंवा चुलाण्यावरचा हंडा, एक घंगाळ, एक तांब्या, बसायला दगड आणि पाय घासायला वजरी. एवढाच संसार! शिकेकाई, उटणे लागेल तेवढे घरातून आणायचे आणि उरलेले पुन्हा घरात न्यायचे.

आणि वस्तू ठेवायला काय? तर कोनाडा. भिंती दगडमातीच्या, हात-दीड हात जाडीच्या. भिंत चढत असतानाच गवंडी विचारायचा, “बाई, कोनाडा कुठं सोडू?” घरची बाई हाताने उंची दाखवायची. त्या कोनाड्याला दार नसे, म्हणून त्यात वारा खेळे. त्यात लाकूड नसे, म्हणून ते फुगण्याचा किंवा त्याला वाळवी लागण्याचा प्रश्नच नव्हता. कपड्यांना भिंतीत एक खुंटी ठोकली की काम झाले. औषधे मात्र न्हाणीत कधीच नसत. सुंठ, वेखंड, हळकुंड आणि सहाण माजघरात, फडताळात. नाही तर आजीच्या बटव्यात.

मग नळ आला. मुंबईत १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात येऊ लागले. हळूहळू पाणी घरात शिरले आणि पाण्यामागोमाग न्हाणीही आत आली. चाळीतल्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी झाली आणि मोरीवर एक फळी बसली. वडी साबण, दंतमंजन, तेलाची बाटली, दाढीचे सामान असे एकेक करून सगळे त्या फळीवर गोळा झाले.

ह्याच काळात दूर देशी दुसरीच एक गोष्ट घडत होती. १८३५ साली लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची कृती शोधली आणि पुढे चांगला आरसा साध्या घरातही आला. १९०४ साली अमेरिकेत जिलेट ह्या गृहस्थाला सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट मिळाले आणि माणसे न्हाव्याकडे न जाता घरीच दाढी करू लागली. तिकडची घरे पुष्कळशी लाकडी सांगाड्याची. भिंतीतले दोन उभे वासे मध्यापासून मध्यापर्यंत सोळा इंचांवर असतात आणि मधली जागा पोकळ असते. त्या पोकळीत बरोबर बसेल असे चौदा इंची कपाट तिथे बनू लागले. त्याला आरशाचे दार लावले आणि नाव दिले औषधांचे कपाट. गंमत अशी की पुष्कळ कपाटांच्या पाठीला एक बारीक फट असे. वापरलेले पाते त्या फटीतून टाकले की ते भिंतीच्या पोकळीत पडे. आज तिकडे जुनी घरे पाडताना भिंतीतून गंजलेल्या पात्यांचे ढीग निघतात!

म्हणजे पाहा, ते कपाट मुळात दार लावलेला कोनाडाच होता. आपण मात्र नक्कल करताना तीन गोष्टी विसरलो.

पहिली गोष्ट, तिकडचा माणूस टबात बसून नाहतो, बाकीची जमीन कोरडी राहते. आपण बादलीतून तांब्याने पाणी घेतो, ते चारी भिंतींवर उडते. भुशाच्या दाबलेल्या फळीचे कपाट तिकडे टिकेल; आपल्याकडे दुसऱ्या पावसाळ्यात ते पुरीसारखे फुगते. दुसरी गोष्ट, आपली नवी भिंत विटांची, बहुधा साडेचार इंची. तिच्यात कपाट मावत नाही, म्हणून ते बाहेर टांगावे लागते आणि येता-जाता डोक्याला लागते. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. कपाटाबरोबर त्याचे नावही आपण घेतले आणि औषधे न्हाणीत नेऊन ठेवली. गरम वाफेने आणि दमट हवेने गोळ्या खराब होतात.

आणि शेतकऱ्याच्या घरी ‘औषध’ ह्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. आमच्या नात्यातल्या एका घरी फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली न्हाणीतल्या कपाटात, तेलाच्या बाटलीशेजारी ठेवलेली होती. पाच वर्षांच्या मुलाने तेल समजून तीच उचलली. झाकण घट्ट होते आणि आजी दारातच उभी होती, म्हणून निभावले. त्या दिवसापासून त्या घरची फवारणीची औषधे बाहेरच्या खोलीत कुलपात असतात, आणि किल्ली आजीच्या कमरेला.

तेव्हा घर बांधणार असाल किंवा जुन्याची दुरुस्ती काढणार असाल, तर गवंडी कामावर आहे तोवरच विचार करा. भिंत नऊ इंची असेल तर त्याला कोनाडाच सोडायला सांगा, त्याच्या तळाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या आणि आत फरशी बसवा. त्याला पुढे खर्च नाही. कपाटच हवे असेल तर ते स्टीलचे, ॲल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे घ्या. लाकडी हवे तर मरीन प्लायवूड मागा, त्यावर ‘आय. एस. ७१०’ हा शिक्का पाहा आणि कापलेल्या कडा बंद करून घ्या. कपाट जमिनीला टेकू देऊ नका; खालून खराटा फिरला पाहिजे. अंगावर पाणी घेतो त्या जागेपासून ते दूर लावा. खिडकी मोठी ठेवा, कारण ओल घालवणारा वाऱ्यासारखा दुसरा कारागीर नाही. आणि औषधे, मग ती माणसांची असोत की पिकांची, तिथे ठेवू नका.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. मुलांना आपापल्या घरातले कोनाडे मोजून यायला सांगा. कोणत्या कोनाड्यात पूर्वी काय असे ते आजी-आजोबांना विचारून लिहू द्या. वर्गात एक दिवसाचा इतिहासाचा पाठ तयार होईल, आणि एखाद्या घरची बाटली त्याच संध्याकाळी कुलपात जाईल. माझ्या आजच्या बोलण्याचे सार्थक त्यातच आहे.