गोमंतकाची भूमी आणि तिचे गिऱ्हाईक

भंडाऱ्याजवळच्या आमच्या शहापुराहून कोणत्याही दिशेस निघाले तरी समुद्र शेकडो कोस दूर. असे असता मागील उन्हाळ्यात आमच्या एका स्नेह्यांनी, सेवानिवृत्तीचा पैसा गोमंतकातील जमिनीत घालावा काय, असे आम्हांस विचारले व एक सचित्र पत्रक पुढे ठेविले. त्यात नारळीची बाग, तांबड्या मातीची वाट, हिरवेगार भातशेत व त्यापलीकडे खाडीचे पाणी दाखविले होते. खाली चौरस मीटरचा दर होता. ज्या शेताच्या दर्शनासाठी तो दर वाढविलेला होता, ते शेत तेथे कसे आले ह्याविषयी मात्र पत्रकात अक्षर नव्हते.

असली शेते निसर्गाने दिलेली नव्हेत. मांडवी, जुवारी इत्यादी नद्यांच्या मुखांशी भरतीचे खारे पाणी कोसच्या कोस आत शिरते. तेथील जुन्या रहिवाशांनी चिखलमातीचे बांध घालून ते पाणी अडविले व भरतीच्या पातळीखालची जमीन लागवडीस आणिली. हिलाच खाजन म्हणतात. बांधात ठिकठिकाणी ‘मानस’ नावाचे लाकडी दार असते. ते भरतीच्या जोराने आपोआप मिटते व ओहोटीस उघडते. पावसाळ्यात कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भात, मानशीपाशी मासळी, कोठे कोठे उन्हाळ्यात मीठ, असे ह्या जमिनीचे उत्पन्न. परंतु बांध एके ठिकाणी फुटला की सबंध गावाचे शेत खारावते. म्हणून बांधाची राखण एकट्यादुकट्याच्या हाती ठेवून चालण्यासारखे नव्हते.

गावकरीची संस्था ह्या गरजेवर उभी राहिली. गावची जमीन गावकरांच्या मंडळाची. शेते ठराविक मुदतीने लिलावाने कसावयास द्यावयाची. आलेल्या पैशातून बांध, देवालय व गावचे सेवक ह्यांचा खर्च भागवावयाचा आणि उरेल ते ‘जोण’ म्हणून गावकरांनी वाटून घ्यावयाचे. ह्या व्यवस्थेस रामराज्य समजण्याचे कारण नाही. वाटा पुरुषवंशाने चाले. चिखलात राबणाऱ्या बहुतेकांस मजुरीपलीकडे काही मिळत नसे. तथापि बांधाला धनी होता, एवढे कबूल केले पाहिजे.

१५१० साली आल्बुकर्कने तिसवाडी घेतल्यावर नव्या राज्यकर्त्यांस सारा हवा होता, व तो गोळा करणारी तयार संस्था हीच होती. १५२६ साली आफोंसो मेशिया ह्याने गावकरीचे जुने रिवाज लिहवून घेतले. ‘फोराल’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या ह्या लेखातील एक कलम प्रत्येक ग्राहकाने वाचण्यासारखे आहे : गावातील वतनी जमीन गावकरांच्या संमतीवाचून कोणी विकू नये आणि कोणी विकतही घेऊ नये. ज्या भूमीकडे आज देशभरचे ग्राहक धाव घेतात, तिचे रूप अशा प्रकारे विक्रीला आडकाठी घालणाऱ्यांनी घडविले आहे.

पुढे देवालये गेली, धर्म पालटले, गावकरीचे नाव ‘कोमुनिदाद’ झाले व सरकारी कारकुनाचा हात तीत शिरला. पण १९०४ व १९६१ च्या संहितांपर्यंत ती टिकली, आणि आजही अशा दोनशेंहून अधिक संस्था नांदत आहेत. पैशाच्या दृष्टीने मात्र त्या काळचा गोमंतक दरिद्रीच होता. त्याची कर्ती माणसे मुंबईस व आफ्रिकेस जात व घरी मनिऑर्डरी पाठवीत. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने सर्व वारसांस व पत्नीस मिळकतीत भाग दिला होता. ह्यामुळे अनेक घरांच्या मालकीचे धागे लिस्बनपासून नैरोबीपर्यंत पसरले. एका जुन्या घरासाठी विसांची सही लागावी, ही गोष्ट तेथे नवलाची नाही. खोट्या दस्तऐवजांनी घरे व जमिनी बळकावणाऱ्यांचे फावले ते ह्याच गुंत्यात. २०२२ साली सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले.

१९६१ च्या डिसेंबरात गोमंतक मुक्त झाला आणि १९६३ साली दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १९६४ चा कूळकायदा, १९७५ चा मुंडकार कायदा व १९७६ ची दुरुस्ती ह्यांनी कसणाऱ्यास जमीन व राहणाऱ्यास घर मिळण्याची वाट केली. हा न्याय होता व तो उशिराच झाला. परंतु बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्यापाशी ना पैसा ना एकजूट. भातापेक्षा मासळीत लाभ दिसू लागल्यावर खारे पाणी मुद्दाम आत घेण्याचेही प्रकार झाले. आम्हां भंडारेकरांस ही कथा अपरिचित वाटू नये. कोहळी बांधवांनी खोदलेले आमचे तलाव १९५१ साली मालगुजारी संपताच सरकारजमा झाले. मालगुजाराच्या जाचातून रयत सुटली, पण गाळ काढणारा व पाळ बांधणारा हातही नाहीसा झाला.

लोहखनिजाने गोमंतकास काही दशके श्रीमंती दाखविली. ती २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली, व २०१८ साली ८८ खाणपट्टे रद्द झाले. उरला पर्यटनाचा धंदा. आणि त्याच्या पाठोपाठ, ३७०२ चौरस किलोमीटरच्या चिमुकल्या राज्यात, जमीन हाच खपाचा माल होऊन बसला. लोक स्वस्थ बसले असे नाही. २०११ सालासाठी आखलेला प्रादेशिक आराखडा त्यांनी आंदोलन करून २००७ च्या आरंभी सरकारास मागे घ्यावयास लाविला. पुढे २०२३ साली एक विचित्र योग जुळून आला : भातशेती शेतकऱ्यावाचून इतरांस विकू नये असा कायदा झाला, आणि त्याच वर्षी आराखड्यातील ‘चुका’ सुधारण्याच्या नावाखाली जमिनीचा झोन तुकड्यातुकड्याने पालटण्याची वाट नगरनियोजनाच्या कायद्यात उघडली. ह्या दुसऱ्या तरतुदीखालील नियम २०२५ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरविले. एका हाताने कुलूप लावून दुसऱ्याने खिडकी उघडी ठेवण्याचा हा प्रकार आम्हांस तरी समजत नाही.

स्नेह्यांस आम्ही घेऊ नका असे म्हटले नाही. पैसा त्यांचा आहे. वारस किती, मुंडकार कोण, जमीन कोमुनिदादीची तर नव्हे, झोन कधी व कोणी पालटला, एवढे विचारावे असे सांगितले. त्यांनी सर्व टिपून घेतले. मग चित्रातल्या बांधावर बोट ठेवून म्हणाले, “आणि हा कोण राखतो?” पत्रकाच्या तळाशी दलालाचा दूरध्वनी क्रमांक होता. तोच प्रश्न तेथे करावा, असे आम्ही सुचविले.