सिकंदराबादची रमी

गणपतीच्या दिवसांत रात्री मंडपात मूर्तीजवळ कोणीतरी जागे असावे लागते, आणि जागे राहायचे तर पत्ते हवेतच. आमच्या लहानपणी परभणीकडे मेंढीकोट आणि बदाम सात चाले. रमी मात्र घरात वर्ज्य. "तो पैशाचा खेळ," एवढे आई म्हणे आणि विषय संपे. डिप्लोमा झाला, रेल्वेत ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागलो, सिकंदराबादला आलो आणि २००४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, रमी शिकलो.

शिकवणारे आमच्याच सेक्शनचे एक वरिष्ठ, तेलुगू गृहस्थ. सगळे त्यांच्या नावापुढे 'गारू' लावत. इथे मी नुसते गारू म्हणतो. संध्याकाळी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे टेबल ठरलेले. तेलुगूत पत्त्यांच्या खेळाला पेकाट म्हणतात, हा मी शिकलेल्या पहिल्या काही तेलुगू शब्दांपैकी एक. पैसे नाहीत; हिशेबाला चिंचोके.

नियम अर्ध्या तासात कळले. दोन कॅट, वर जोकर, प्रत्येकाला १३ पाने, आणि एक तरी सिक्वेन्स जोकरशिवाय लागलाच पाहिजे. खेळ कळायला मात्र वर्ष गेले. एकदा मी किलवरची सत्ती आणि नव्वी धरून अठ्ठीची वाट पाहत होतो. डाव हरल्यावर गारूंनी माझी पाने उलटी करून पाहिली आणि विचारले, "किलवरच्या अठ्ठ्या किती?" म्हटले, दोन. "एक तुमच्या उजवीकडच्याने उघड्यातून उचलली. दुसरी तुमच्या डोळ्यांदेखत खाली पडली. मग वाट कोणाची पाहत होता?" रद्द झालेल्या ब्लॉकची वाट पाहत रुळाशेजारी गँग घेऊन बसावे, तसाच तो प्रकार! त्या दिवसापासून मी स्वतःच्या हातापेक्षा खाली पडणाऱ्या पानांकडे अधिक पाहू लागलो.

खेळ मुळात इथला नव्हे. मेक्सिकोतला कॉन्क्विअन हा या घराण्यातला जुना खेळ. १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पुस्तकांत तो दिसतो. पत्ते मात्र आपल्याकडे बरेच जुने. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १० रंगांची १२० पाने असतात. तो मोठा विषय, पुन्हा कधीतरी.

गारूंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. रमीला देशात अब्रू मिळवून दिली ती आपल्या सिकंदराबादने! मला ती थाप वाटली. पण थाप नव्हती.

मे १९६३ मध्ये इथल्या एका क्लबवर पोलिसांची धाड पडली. काही सभासद पैसे लावून रमी खेळताना सापडले. खटला भरला तो निजामाच्या काळच्या हैदराबाद जुगार कायद्याखाली. तो कायदा फसली सन १३०५ चा, म्हणजे आमचा मराठवाडाही त्याच राज्यात होता तेव्हाचा. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी, जे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी म्हटले की, तीन पानी खेळासारखा हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे याला अक्कल लागते. पिसण्या-वाटण्यात नशीब आहे, पण तेवढे ब्रिजमध्येही असते. गारूंची किलवरची अठ्ठी मला थेट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात भेटली!

ही कथा मी पुढे किती जणांना ऐकवली असेल! त्यांत माझ्या हाताखाली नव्याने आलेला एक मराठी मुलगाही होता. त्याला रमी मीच शिकवली. हुशार, पाने ध्यानात ठेवणारा. पुढे त्याची बदली नांदेड विभागात झाली आणि तो मोबाईलवर पैसे लावून खेळू लागला. तेलंगणाने २०१७ मध्ये असल्या खेळाला बंदी केली, पण तो महाराष्ट्रात होता. आधी पगार, मग सोसायटीचे कर्ज, मग बायकोच्या बांगड्या. मी फोनवर रागावलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, हा कौशल्याचा खेळ आहे. सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. तुम्हीच म्हणाला होता."

त्या रात्री मी तो निकाल पहिल्यांदा पूर्ण वाचला. फार मोठा नाही. तोपर्यंत मी ऐकीव अर्धाच सांगत आलो होतो. क्लबने सभासदांकडून पत्त्यांची आणि बसण्याची थोडी फी घेणे न्यायालयाला गैर वाटले नाही, हे खरे. पण त्याच निकालात पुढे आहे की, पैसे लावून चाललेल्या खेळातून घरमालक किंवा क्लब नफा कमावत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेणाऱ्या मोबाईलवाल्यांच्या जाहिरातीत हे वाक्य कधी दिसले नाही. माझ्या कथेतही ते नव्हते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. त्या मुलाचे कर्ज अजून फिटायचे आहे. दोन वर्षांपूर्वी तो परत सिकंदराबादला आला. गणपतीत रात्रीच्या पाळीला आमच्याबरोबर मंडपात बसतो. पाने हातात घेत नाही. वही घेऊन गुण लिहितो आणि चिंचोके मोजतो. मागल्या वर्षी डाव संपल्यावर त्याने माझी पाने उलटी केली, किलवरच्या सत्ती-नव्वीकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "अठ्ठी मघाशीच गेली होती, साहेब."