आडनाव, दप्तर आणि कुलशोध : मालवण परिसराच्या विशेष संदर्भात

कुलशोधाच्या अभ्यासात आडनाव हा पहिला दुवा समजला जातो. ‘कर’प्रत्ययान्त आडनाव आढळले की कुळाचे मूळ गाव गवसले, असे महाराष्ट्रात सर्रास गृहीत धरले जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, विशेषतः मालवण किनाऱ्यावरील घराण्यांच्या बाबतीत हे गृहीतक कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आचरे येथून आचरेकर, मसुरे येथून मसुरकर, चिंदर येथून चिंदरकर, नेरूर येथून नेरूरकर, खानोली येथून खानोलकर ही व्युत्पत्ती उघड आहे. तथापि खुद्द आचऱ्यात राहणाऱ्यास ‘आचरेकर’ म्हणून ओळखण्याचे प्रयोजन नसते. जे नाव साऱ्या गावाला लागू पडते ते कोणालाच वेगळे काढीत नाही. ग्रामनामावरून पडलेल्या आडनावाला अर्थ येतो तो माणूस गावाबाहेर पडल्यावर, आणि बहुधा ते परक्यांनीच दिलेले असते. म्हणजे अशा आडनावात कुळाचा उगम नव्हे, तर त्याचे प्रस्थान नोंदलेले असते. त्याआधी ते कुळ त्या गावी किती पिढ्या होते, कोठून आले होते, याविषयी आडनाव मूक राहते. गावात मात्र तेच घराणे परब, सावंत, गावकर, प्रभू, देसाई अशा मानाच्या, अधिकाराच्या वा कुळाच्या नावाने ओळखले जाई. गावच्या दप्तरात एक नाव आणि मुंबईच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरे, अशी स्थिती त्यातूनच उद्भवते.

शिवाय एकाच नावाची गावे अनेक. पेंडूर हे मालवण तालुक्यात कट्ट्यानजीक आहे, तसेच वेंगुर्ले तालुक्यात मातोंडजवळही आहे. ‘पेंडूरकर’ हे आडनाव यांपैकी कोणत्या गावाकडे बोट दाखविते, हे केवळ व्युत्पत्तीने ठरत नाही. तेथे कुलदैवत, गावराहाटीतील मान आणि जमिनीची नोंद या तिहींचा मेळ घालावा लागतो.

या प्रदेशात वंशावळ लिहून ठेवण्याची परंपरा प्राचीन आहे. खारेपाटण येथे सापडलेल्या शके ९३० (इ. स. १००८) च्या ताम्रपटात शिलाहार रट्टराजाने सणफुल्लापासूनची आपली वंशपरंपरा नोंदविली आहे. परंतु हा राजवंश होता. राजघराण्यांच्या वंशावळीही वाटतात तितक्या सरळ नसतात. सावंतवाडीच्या गादीवर खेम सावंत व फोंड सावंत ही नावे पुनःपुन्हा येतात. तिसरे खेम सावंत १८०३ मध्ये पुत्राविना मरण पावले. पुढे दत्तकाचा व वारसाचा कलह झाला आणि १८१२ मध्ये फोंड सावंतांचे अल्पवयीन पुत्र चौथे खेम सावंत म्हणून गादीवर आले. केवळ नावांच्या आवर्तनावरून तिसऱ्यांचा सख्खा नातू चौथा असे अनुमान कोणी काढले, तर ते चुकेल. सामान्य कुटुंबांतही आजोबाचे नाव नातवास ठेवण्याची चाल असल्याने दोन पिढ्या एकात मिसळण्याचा धोका कायम असतो.

दत्तकविधानाने होणारा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. सांगलीत १८९८ मध्ये जन्मलेले गणेश आत्माराम खांडेकर सावंतवाडीनजीकच्या नानेलीच्या चुलत्यांस दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. वि. स. खांडेकरांसारख्या ख्यातनाम लेखकाच्या बाबतीत हा बदल सर्वज्ञात आहे. परंतु अशाच एखाद्या अप्रसिद्ध गृहस्थाचा शोध घेताना दोन दप्तरांतील दोन नावे दोन माणसांची समजली जाणे अगदी स्वाभाविक आहे. स्त्रियांची अवस्था तर याहून बिकट. विवाहानंतर नाव व आडनाव दोन्ही बदलत, आणि जुन्या वंशवृक्षांत त्यांचा उल्लेख सहसा होतच नसे. ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत फर्नांडिस, डिसोझा ही नावे धर्मांतरकाळात मिळालेली; त्यांवरून मूळ ग्राम वा कूळ कळत नाही. तेथे चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांचाच आधार घ्यावा लागतो.

साधनांचे स्थान हाही प्रश्न आहेच. १९८१ मध्ये अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याचा प्रदेश पूर्वी एका सत्तेखाली नव्हता. मालवण १८१२ पर्यंत कोल्हापूरकर छत्रपतींकडे होते, नंतर इंग्रजांकडे गेले. कुडाळ-सावंतवाडीचा मुलूख १९४८ पर्यंत संस्थानात राहिला. पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेला. परिणामी एकाच भाऊबंदकीचे कागद कोल्हापूर, मुंबई व पणजी येथे विखुरलेले असू शकतात. त्यातले बहुतेक जुने मराठी कागद मोडीत असून त्यांत आडनावाऐवजी ‘अमुक बिन तमुक’ एवढाच निर्देश पुष्कळदा असतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या येथे उपयोगी पडतात, कारण त्यांत यात्रेकरूच्या आजा-पणजासह गावही नमूद असते.

हा शोध आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यामुळे मोलाच्या ठरल्या. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतल्यानंतर राज्यभर मोडी वाचकांची निकड भासली. गावी एक आणि मुंबईत दुसरे आडनाव लावणाऱ्या कुटुंबाला ही दोन्ही नावे एकाच कुळाची आहेत हे आधी सिद्ध करावे लागते, आणि तसे सांगणारा कागद क्वचितच असतो.

आंबोली, चौकुळ व गेळे येथील कबुलायतदार गावकर जमिनींच्या प्रश्नात ही अडचण स्पष्ट दिसते. संस्थानकाळात गावाच्या वतीने मोजक्या गावकरांनी कबुलायत दिली आणि जमीन मात्र सारा गाव कसत राहिला. पुढे सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासनाचे नाव लागले व वाटपाच्या वेळी हक्काची कुटुंबे कोणती, हा वाद उभा राहिला. कागदात नाव आहे ते कबुलायत देणाऱ्याचे. कसणाऱ्याचे कूळ गावाला ठाऊक आहे, पण दप्तराला नाही. गावऱ्हाटीतील मानपानाचा क्रम, देवळातील कौलाच्या वेळी कोणाचे नाव आधी घेतले जाते, जत्रेत कोणत्या घराचा नारळ पहिला, ही माहिती अद्याप वृद्धांच्या स्मरणात आहे. महसुली नोंदीशी ती कोणी ताडून पाहिली, तरच दप्तरातील या गाळलेल्या जागा भरता येतील.