गृहशिक्षण : वर्षाची आखणी

शाळेत नाव न घालता मुलांचे अध्ययन घरीच चालविणाऱ्या कुटुंबाने भिन्न वयांच्या अपत्यांसाठी केलेली वार्षिक योजना. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ६ ते १४ वर्षांच्या बालकांचा विचार असला, तरी गृहशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख नाही. परिणामी हा सारा कारभार पालकांच्याच मुखत्यारीवर चालतो. एकेकाळी मुळा-मुठेकाठचे खेडे असलेल्या आणि आता संगणक-व्यवसायाने गजबजलेल्या पुण्याच्या खराडी भागात, जेथे आईवडील दोघेही नोकरदार असण्याचा संभव मोठा, तेथे आखणीची पहिली अडचण अभ्यासक्रमाची नसून वेळेची असते.

इतिहास, निसर्गनिरीक्षण, गोष्टी हे विषय सर्वांना एकत्र द्यावेत आणि गणित व वाचन मात्र प्रत्येकाच्या कुवतीनुसार निराळे घ्यावे, हा सामान्य संकेत होय. हिवाळ्यात येरवड्याच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात गेल्यास सहा वर्षांचे मूल बदके मोजते, दहा वर्षांचे त्यांची चित्रे काढून खाली नावे लिहिते, आणि चौदा वर्षांचे नदीच्या प्रदूषणाचा दाखला शोधते. एकाच सहलीत तिघांचे काम भागते. धाकट्याला थोरल्याच्या वेळापत्रकास जुंपणे हा मात्र निव्वळ अन्याय.

थोरल्याचे वर्ष परीक्षेवरून मागे मोजत आखावे लागते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेच्या प्रवेशासाठी १४ वर्षे पूर्ण असावी लागतात. तिच्या सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात.